अदृश्य चोर व त्याची फिर्याद

आमचे शहर दरवाजांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली, भडकल दरवाजा उभारला, आणि पुढे औरंगजेबाने १६८२ साली भोवती तट घातला, तेव्हापासून दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण दरवाजा ही नावे येथील प्रत्येक मुलाच्या तोंडी आहेत. चोर यावयाचा तो दरवाजातून यावयाचा, अथवा तट चढून; आणि दोन्ही ठिकाणी पहारा ठेवता येत असे. आज तट बहुतेक ढासळला आहे, त्याचे आम्हांस वाईट वाटते. परंतु तो शाबूत असता तरी ज्या चोराविषयी आज लिहावयाचे आहे त्यास त्याची काहीच अडचण झाली नसती. कारण घराचा खरा दरवाजा आता वडिलांच्या खिशातील मोबाईलमध्ये आहे, आणि तो आतून उघडण्याची विनंती चोर मोठ्या अदबीने आपणांसच करीत असतो.

संगणक, मोबाईल किंवा इंटरनेट यांच्या साहाय्याने जी फसवणूक, चोरी, धमकी अथवा बदनामी केली जाते तिला सायबर गुन्हा म्हणतात. व्याख्या एवढीच पुरे. नाव नवे असले तरी वस्तू पुष्कळ अंशी जुनीच आहे, हे आमच्या वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. आमचे शहर ज्या निजामी मुलखात होते त्याच मुलखात चाकरी केलेल्या मेडोज टेलर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या जबानीवरून १८३९ साली एक कादंबरी प्रसिद्ध केली. त्या काळचे ठग वाटेवर एकाएकी झडप घालीत नसत. ते प्रथम वाटसरूशी स्नेह जोडीत, पुढचा रस्ता धोक्याचा आहे म्हणून सोबतीने चला असे सुचवीत, आणि त्याचा पूर्ण विश्वास बसल्यावर आपले काम उरकीत. आजचा सायबर चोर हा त्यांचाच वंशज होय. तोही ‘तुमचे खाते धोक्यात आहे, ते वाचवावयाचे असेल तर मी सांगतो तसे करा’ असेच म्हणत येतो.

तथापि नव्या काळाने ह्या विद्येत काही भर घातली आहे. ती समजण्यास दूर जावयास नको. २०२४ सालच्या डिसेंबर महिन्यात आमच्याच शहरातील विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटी ५९ लक्ष ३८ हजार रुपये नाहीसे झाल्याची फिर्याद पोलिसांत दाखल झाली आणि सारे राज्य थक्क झाले. अपराध कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. सबब आम्ही कोणाचे नाव घेत नाही. परंतु आरोप जो होता तो असा. दरमहा सुमारे १३ हजार रुपये पगारावर कंत्राटी नेमलेल्या एका कर्मचाऱ्याने संकुलाच्या जुन्या कागदावर बँकेस पत्र धाडले की, आमचा ई-मेलचा पत्ता बदलावा. नवा पत्ता जुन्याहून अवघ्या एका अक्षराने वेगळा होता. बँकेने तो नोंदविला. झाले! त्यानंतर पैसे काढतेवेळी बँक जो गुप्त अंक, म्हणजे ओटीपी, खातेदाराकडे पाठविते तो खऱ्या खातेदाराकडे न जाता त्या एका अक्षराच्या फरकाने दुसरीकडे जाऊ लागला, आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत रकमांमागून रकमा निघत राहिल्या. मोटारी आणि सदनिका खरेदी झाल्याच्या बातम्या मागाहून आल्या व लोकांनी त्यांचीच चर्चा अधिक केली. आम्हांस मात्र ते एक अक्षर अधिक विचार करण्याजोगे वाटते.

कारण बँक आपला चेहरा ओळखीत नाही. पूर्वी खिडकीवरील कारकून गिऱ्हाइकास नावाने हाक मारीत असे. आता बँक ओळखते ती आपला नोंदलेला मोबाईल क्रमांक, आपला ई-मेल पत्ता, आपला पिन आणि तो ओटीपी. ज्याच्या हाती ह्या चार वस्तू, तो बँकेच्या लेखी आपणच. तेव्हा ‘साहेब, ओटीपी आला आहे तो जरा सांगा’ ह्या वाक्याचा खरा अर्थ ‘पाच मिनिटे मला तुम्ही होऊ द्या’ असा आहे. येथे आणखी एक गोष्ट घरातील वडील मंडळींस समजावून सांगण्यासारखी आहे. आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे जाण्यासाठी. जुने कपाट विकावयास काढलेल्या गृहस्थास जर गिऱ्हाईक म्हणेल की, ‘पैसे पाठविले आहेत, ते घेण्यासाठी पिन टाका’, तर ते गिऱ्हाईक नव्हे असे खुशाल समजावे.

चोरास आपला पिन विचारण्याचीही गरज पडू नये अशी एक युक्ती अलीकडे निघाली आहे. २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये आपल्या मराठवाड्यातीलच हिंगोली येथील एका शासकीय कर्मचाऱ्यास व्हॉट्सॲपवर लग्नाचे आमंत्रण आले. आमंत्रण कोणाचे म्हणून त्यांनी ते उघडले. ती पत्रिका नव्हती. पत्रिकेचे सोंग घेतलेला एक प्रोग्राम होता, ज्यास एपीके फाइल म्हणतात. तो मोबाईलमध्ये शिरला व त्यांच्या खात्यातून सुमारे १ लक्ष ९० हजार रुपये गेले. लग्नाच्या आमंत्रणास नाही म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही, हे चोरास बरोबर ठाऊक होते. असाच प्रकार वाहनाच्या दंडाची नोटीस म्हणून येतो. पत्रिका चित्राच्या रूपाने येते, नोटीस शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येते. मोबाईलमध्ये काही बसविल्यावाचून उघडत नाही असे आमंत्रण उघडूच नये.

ह्याहून क्रूर प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’ ह्या नावाने चालतो. एखाद्या वृद्ध निवृत्त शिक्षकास दूरध्वनी येतो की, तुमच्या नावाच्या पार्सलात अंमली पदार्थ सापडले आहेत. मग पडद्यावर गणवेश घातलेला मनुष्य दिसतो, मागे राजमुद्रा असते, आणि हुकूम होतो की कॅमेऱ्यासमोरून हलू नका व घरात कोणास सांगू नका. दिवसचे दिवस माणसे अशा रीतीने आपल्याच खोलीत कैद होऊन आयुष्याची पुंजी देऊन बसली आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले की, कायद्यात अशी अटकच नाही. कोणताही पोलीस अधिकारी, न्यायाधीश किंवा केंद्रीय तपास यंत्रणा व्हिडिओवर अटक करीत नाही आणि चौकशीसाठी पैसे आपल्या खात्यात भरावयास सांगत नाही. आमचे विद्यार्थी हे वाक्य आपल्या आजीआजोबांस एकदा मोठ्याने वाचून दाखवितील तर ह्या लेखाचे निम्मे काम झाले.

वरील सर्व प्रकारांत एक धागा समान दिसेल. चोर विचार करावयास वेळ देत नाही, आणि दुसऱ्या माणसास सांगू देत नाही. आम्हांस तर ह्यांतील दुसरी गोष्ट अधिक घातक वाटते, व पुढे तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

परंतु त्याआधी वरच्या इयत्तांतील मुलांशी चार शब्द बोलणे अवश्य आहे. चोरलेला पैसा चोर आपल्या स्वतःच्या नावावर ठेवीत नाही. त्यास दुसऱ्यांची खाती व दुसऱ्यांचे हात लागतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जो दरोडा पडला तो ह्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ही बँक १९०६ सालची. तिच्या यंत्रणेत शिरून गुन्हेगारांनी अशी तजवीज केली की, एटीएममधून आलेली मागणी खऱ्या हिशेबाकडे न जाता त्यांनी मध्येच बसविलेल्या खोट्या दुव्याकडे जावी व तेथून ‘द्या’ असे उत्तर मिळावे. ११ ऑगस्ट रोजी, शनिवारी, बनावट कार्डे घेतलेली माणसे अठ्ठावीस देशांत एटीएमसमोर उभी राहिली. १३ तारखेस आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एकंदर सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ज्यांनी हा कट रचला ते समुद्रापार राहिले; पकडले गेले ते कोल्हापूर, मुंबई अशा ठिकाणी एटीएमसमोर कार्ड घालून नोटा काढणारे व त्यांना जमविणारे. अटक झालेल्यांत औरंगाबादचेही होते, हे सांगताना आम्हांस लाज वाटते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांस दोषी ठरविले. तेव्हा ‘तुझे खाते महिनाभर वापरावयास दे, पाच हजार देतो’ असे एखादा ओळखीचा मोठा मुलगा म्हणाला, तर तो खाते मागत नसून अटक होण्यास एक माणूस मागत आहे, हे ओळखावे.

आता फसगत झाल्यावर काय करावे हे पाहू. बहुतेक घरांत प्रथम होते ते असे की कोणी काहीच करीत नाही. गेले ते गेले, चारचौघांत हसे कशाला, असे म्हणून कर्ता पुरुष गप्प बसतो. शिकलेली माणसे तर अधिकच गप्प बसतात. वर्तमानपत्रेही ‘लोभापायी गमावले’ असा मथळा देऊन ह्या लाजेत भर टाकतात. आम्हांस ते पसंत नाही. ज्याच्या घरी दरोडा पडतो त्यास आपण हसत नाही. प्रार्थनेच्या वेळी आमच्या मुलांनी हरवलेल्या नाण्याचा दृष्टांत अनेकदा ऐकला आहे. त्या स्त्रीचे दहांतील एकच नाणे हरवले होते; तिने दिवा लावला, घर झाडले, आणि सापडल्यावर शेजारणींस बोलावले. नाणे हरवले ही गोष्ट तिने लपविली नाही. आणि दिवा तत्काळ लावला, हेही ध्यानात ठेवावे, कारण सायबर गुन्ह्यात सारा खेळ तासांचा, कधीकधी मिनिटांचा असतो.

त्याचे कारण असे. आपल्या खात्यातून गेलेला पैसा लगेच चोराच्या हाती पडत नाही. तो एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असा पळविला जातो व शेवटी कोठेतरी रोख काढला जातो. हा प्रवास चालू आहे तोवर तो वाटेत अडविता येतो. त्यासाठीच केंद्र सरकारने २०२१ साली एक राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. तिचा दूरध्वनी क्रमांक १९३०. हा क्रमांक फिरविला असता पलीकडील कर्मचारी नाव, मोबाईल क्रमांक, बँकेचे नाव, किती रक्कम, कोणत्या दिवशी व किती वाजता गेली, आणि व्यवहाराचा क्रमांक ही माहिती विचारतो. ती नोंदली जाताच सूचना बँकेकडे जाते. पैसा अजून त्या बँकेत असेल तर ती तो तेथेच रोखून धरते. पुढे गेला असेल तर पुढच्या बँकेस कळविते, व याप्रमाणे माग काढीत जाते. सकाळी गेलेल्या पैशाची खबर संध्याकाळी देणे म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पोहोचणे होय.

दूरध्वनीनंतर चोवीस तासांच्या आत शासनाच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण लिहावी. रक्कम गेलेली नसेल, केवळ धमकी वा बदनामी असेल, तरी येथेच तक्रार देता येते. पावतीचा जो क्रमांक मिळतो तो वहीत लिहून ठेवावा. संकेतस्थळाचे नाव गव्ह डॉट इन असे संपते की नाही हे अक्षर अक्षर पाहावे. एका अक्षराची किंमत आपण वर पाहिलीच आहे. दरम्यान बँकेसही लेखी कळवावे व पोच घ्यावी. ह्याचे महत्त्व पुष्कळांस ठाऊक नसते. रिझर्व बँकेने २०१७ साली घालून दिलेले तत्त्व असे आहे की, ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने नुकसान झाले असले तरी त्याने बँकेस कळविल्यानंतर जे जाईल त्याचा भार ग्राहकावर नाही. म्हणून पोचेवरील तारीख व वेळ ह्यांस मोल आहे.

पुराव्याविषयी आमचे सांगणे एकच आहे, काही पुसू नये. रागाने वा लाजेने मनुष्य तो सारा संवाद मोबाईलमधून काढून टाकतो, आणि मग पोलिसांस दाखवावयास काहीच राहत नाही. संदेश, क्रमांक, बँकेचे निरोप, खात्याचा उतारा, जो दुवा दाबला तो, ह्या सर्वांची पडद्यावरील चित्रे घेऊन ठेवावी. आपल्या शहराच्या पोलीस आयुक्तालयाचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे. परंतु तेथेच गेले पाहिजे असे नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीस मोफत मिळते. ठाण्यावर कोणी ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले, तर नम्रपणे ह्या कलमाचा उल्लेख करावा. तरीही नोंद झाली नाही तर तोच मजकूर लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असल्यास आयुक्तांकडे, पाठवावा, आणि त्यानेही न भागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. दुसऱ्याचे रूप घेऊन संगणकाद्वारे ठकविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्याच्या कलम ६६ ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या मते ही शिक्षा घरे बुडविणाऱ्यास कमीच आहे, असो.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. समजा, नववीतील एखाद्या मुलाने अथवा मुलीने अनोळखी मित्रास आपले छायाचित्र पाठविले, आणि तो मित्र आता म्हणतो की, पैसे दे नाहीतर हे सर्वांस दाखवितो. किंवा छायाचित्र साधेच होते व त्याने यंत्राच्या साहाय्याने त्याचे घाणेरडे रूप बनविले. ते मूल रात्री झोपत नाही, जेवत नाही, घरात कोणी विचारले तर परीक्षेचे निमित्त सांगते. धमकी देणाऱ्याचे सारे बळ ह्या एका गोष्टीवर असते की मूल घरी सांगणार नाही. ह्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही स्पष्ट सांगतो की गुन्हा तुमच्याकडून घडलेला नाही, तुमच्याविरुद्ध घडलेला आहे. पैसे देऊ नका, कारण एकदा दिल्यावर मागणी थांबत नाही. उत्तर देऊ नका, पण पुसूही नका. आईस सांगा, तिला सांगवत नसेल तर मावशीस, काकास, वर्गशिक्षकांस सांगा, कोणासच सांगवत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. मुलांच्या अश्लील चित्रणाची खबर वरील संकेतस्थळावर नाव न देताही देता येते. अठरा वर्षांखालील वयात घेतलेले चित्र पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची एक विनामूल्य आंतरराष्ट्रीय सोय २०२३ पासून आहे; तीत चित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही, त्याचा केवळ एक सांकेतिक ठसा जातो व त्या सोयीत सामील झालेल्या कंपन्या त्यावरून ते ओळखून काढतात.

आणि पालकांस आमची विनंती आहे. ज्या दिवशी मूल असे काही सांगेल त्या दिवशी मोबाईल हिसकावून घेणे, हात उगारणे, ‘तुला सांगितले होते ना’ म्हणणे, हे सर्व उद्यावर टाकावे. ज्या घरात सांगितल्याबद्दल मार मिळतो त्या घरात पुन्हा काही सांगितले जात नाही, आणि चोरास ते नेमके हवे असते. पोलिसांत गेल्यास नाव बाहेर पडेल ही भीती पालक आम्हांपाशी बोलून दाखवितात. बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याने मुलाचे नाव, घर, शाळा प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. जबानी मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावयाची असते, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आणि ती गणवेशात असता कामा नये. मुलास कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे मुलीच्या आईबापांस माहीत असावे, तसेच मुलाच्याही, कारण असे प्रसंग मुलांवरही येतात आणि ते तर मुलींपेक्षाही मुकाट राहतात.

शेवटी रोखलेल्या पैशाविषयी. तो आपोआप परत येत नाही. कोणत्या बँकेत किती रक्कम थांबली आहे हे तपास अधिकाऱ्याकडून समजून घेऊन पुष्कळ प्रकरणांत न्यायालयात अर्ज करावा लागतो, व मग न्यायालयाच्या हुकुमाने बँक ती परत करते. ह्यास आठवडे, कधी महिने लागतात. सर्व रक्कम मिळेलच असे नाही. ह्या काळात एखादा परोपकारी गृहस्थ दूरध्वनी करून ‘थोडे शुल्क भरा, तुमचे पैसे उद्याच सोडवून देतो’ असे सांगण्याचा संभव आहे. त्याचाही क्रमांक टिपून घ्यावा आणि पुन्हा १९३० फिरवावा.